पक्क्या भिंतींचं घर

ताईला पाहायला पाहुणे आले, त्याच दुपारी घरांची नोंद घेणारा माणूस आमच्या दारात आला. त्याने प्रश्न विचारले. उत्तरं मी दिली. कागदावर सही मी केली. पुढे घरकुलाची यादी लागली, तेव्हा तिच्यात बाबांचं नाव नव्हतं.

बाबांना जाऊन आता आठ महिने झाले. ते असताना हे लिहिलं नाही, कारण त्यांनी ते वाचायला मागितलं असतं, आणि अक्षरं जुळवत जुळवत त्या दुपारपर्यंत आले असते. आता वाचायला ते नाहीत, तरी हात सावकाशच चालतो. एक पान होतं, मग दोन दिवस वहीकडे बघवत नाही.

केनवडहून रिसोडकडे येणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला उतरून पायी आत गेलं की आमचं गाव. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर टिनं, टिनांवर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड. दर उन्हाळ्यात आई शेण-माती कालवून भिंती सारवायची. पश्चिमेची भिंत मध्येच फुगून आली होती. आई तिच्यावर हात फिरवत म्हणायची, "पोटुशी झाली हे. कधी बाळंत होईन, सांगता येत नाही." आम्ही हसायचो, पण आमचं अंथरूण त्या भिंतीपासून दूर घातलेलं असायचं. भर उन्हात टिनं तापली की तडकन वाजायची. वाचताना मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की पुढे वसतिगृहाच्या स्लॅबखाली दुपार फार मुकी वाटायची. सकाळी ज्वारीची भाकर आणि रात्रीचं उरलेलं वरण, संध्याकाळी भाकर आणि भाजी असली तर भाजी. भिंतीला खोबणी होती, तिच्यात माझी पुस्तकं. माती पुस्तकांवर झरायची, म्हणून प्रत्येक पुस्तकाला मी जुन्या पडद्याच्या कापडाचं वेष्टन शिवलं होतं.

पडद्याचं कापड घरात भरपूर असायचं, कारण बाबा रिसोडला रशीदभाईंच्या बिछायत केंद्रात कामाला होते. लग्नाला, तेरवीला, पुढाऱ्याच्या सभेला मंडप, सतरंज्या, खुर्च्या, पडदे भाड्याने देणारं ते दुकान. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेले, पण कुठल्याही जागेकडे एकदा पाहून तिथे किती कनाती, म्हणजे मंडपाच्या कापडी भिंती, लागतील हे अचूक सांगायचे. मागे उकिरडा असो की पडकी गोदामाची भिंत, मंडपात बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागता कामा नये, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. गाठ अशी मारायचे की वाऱ्याने सुटायची नाही आणि सोडायला एका बोटाने सुटायची.

त्या उन्हाळ्यात घरांची नोंद होणार असल्याचा कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला. गावातल्या पुष्कळांना त्यातली भाषा कळेना, म्हणून बाबांनी मला पुढे केलं. "वाच बरं मोठ्यानं." मी वाचलं. मातीच्या भिंतीचं घर कोणाचं, कच्च्या छपराचं कोणाचं, हे लिहून घेणार. ज्याच्या घरी फ्रिज आहे, ज्याच्या दारात मोटारसायकल आहे, त्याचं नाव आपोआप गळणार. शेजारची म्हातारी म्हणाली, "मंग आपल्या गल्लीत कोणाचंच नाही गळत, बाप्पा." सगळे हसले. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जणू तो नियम मीच केला होता. घरी येऊन त्यांनी अंगणात काठीने नव्या घराच्या रेघा मारल्या. एक खोली, दुसरी खोली, आणि कोपऱ्यात माझ्या पुस्तकांसाठी सिमेंटची फळी.

मग ताईची सोयरीक आली. मुलगा आसेगावकडचा, बियाण्याच्या दुकानात कामाला, घर स्लॅबचं. मामांनी निरोप आणला आणि जाता जाता म्हणाले, "दाजी, ते लोक घर पाह्यतेत. मागची एक पोरगी त्यायनं घर पाहूनच नाही म्हटली." आई चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली. बाबांची नजर भिंतीवरून फिरायला लागली. मी ती नजर ओळखत होते. ते कनाती मोजत होते.

रशीदभाईंनी सामान फुकट दिलं. "ले जा, भाई. बेटी का मामला है. पण परवा सकाळी बुकिंग आहे, तेवढं ध्यानात ठेव." बाबांनी सकाळपासून घर नटवलं. मातीच्या भिंतींना मोतिया रंगाचे चुण्यांचे पडदे, टिनांच्या खाली ताणून बांधलेलं पांढरं छत, जमिनीवर लाल गालिचा, दोन सोफे. रशीदभाईंची मोटारसायकल दारात लावली. पलीकडच्या गल्लीतल्या गुरुजींनी आपण होऊन फ्रिज दिला. चौघांनी उचलून आणला आणि जिथे बटण नव्हतं त्याच कोपऱ्यात ठेवला, वायर मागे खोचून. गल्लीत सगळ्यांना दिसत होतं. कोणी एका शब्दाने बोललं नाही. पोरीच्या सोयरिकीत मोडता घालायचा नाही, हे आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. बाबा मागे सरकून बघत राहिले. ताई हळूच मला म्हणाली, "हे घर मलेच वळखू येऊन नाही राह्यलं."

पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मुलाचे वडील अंगाने मोठे, आवाज त्याहून मोठा. सोफ्यावर बसले, वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणे, तुमचं घर त मंगल कार्यालयावानी वाटून राह्यलं!" सगळे हसले. बाबाही हसले. ते ओळखून म्हणाले की सहज, हे मला आजही माहीत नाही. आईने पोहे दिले, वर शेव पेरलेले. मुलाच्या आईने पाणी मागितलं आणि मामा उगीच म्हणाले, "फ्रिजचं द्या." आईचा हात तिथेच थांबला. सुदैवाने त्या बाईच म्हणाल्या, "नको बाई, मले फ्रिजचं सोसत नाही. माठातलं द्या." पांढऱ्या छताच्या वर टिनं तापत होती. तडकन आवाज झाला की बाबा मोठ्याने खोकायचे. चौथ्या खोकल्याला त्या बाई म्हणाल्या, "भाऊ, अडुळसा घेत जा. लई कोरडा खोकला हाये." मला हसू यायला हवं होतं.

तेवढ्यात दारात कोतवाल गणपतकाका दिसले. त्यांच्यामागे कागदांची चळत घेतलेला घामाने भिजलेला एक माणूस. गणपतकाकांनी आतलं घर पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. ते वळून म्हणाले, "साहेब, यायच्या घरी पाव्हणे हायेत. मांगून येऊ नं."

"हेच शेवटचं घर आहे, काका. पाच वाजता कागद जमा करायचेत," तो माणूस म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. सकाळपासून तो उन्हात फिरत होता. आईने त्यालाही पोह्यांची बशी दिली. तो उंबऱ्याशी खुर्चीवर टेकला आणि मांडीवर कागद घेऊन विचारायला लागला. घरात किती माणसं. शेती आहे का. नाही, हे बाबांनी सांगितलं. पाहुण्यांना ते आधीच ठाऊक होतं. मग त्याने विचारलं, "भिंती? मातीच्या की विटा-सिमेंटच्या?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मुलाचे वडील बशीतली शेव वेचत होते, पण त्यांची बोटं थांबली होती. आतल्या खोलीच्या दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, हात दिसत होते.  बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात काहीही लिहायचं-वाचायचं असलं की पाहायचे, तसंच. त्या खोलीत कागदाचा नियम शब्दानिशी पाठ असलेली मी एकटी होते. 'मातीच्या' म्हटलं तर घर मिळणार होतं आणि ताईचं लग्न मोडणार होतं. मोडलं असतं का, हे कोण सांगणार? पण त्या क्षणी माझी तशी खात्री होती.

"पक्क्या," मी म्हणाले.

"छप्पर?" त्याने वर पाहिलं. पांढरं कापड. टिन तडकलं. बाबा खोकले नाहीत.

"पक्कं."

"फ्रिज दिसतोच आहे. बाहेरची गाडी?"

"आमचीच."

त्याने चार ठिकाणी खुणा केल्या. एवढं सगळं मिनिटभरात झालं. पेन त्याने बाबांपुढे धरलं. बाबांना सही येत होती, तरी ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तेच करीन. घरात शिकेल तेच हाये." मी सही केली. गणपतकाका भिंतीकडे, म्हणजे पडद्याकडे, बघत उभे होते. जाताना ते चप्पल शोधत बराच वेळ वाकून राहिले.

सोयरीक जमली. पाहुणे गेले, गुरुजींचा फ्रिज गेला. तेव्हा चहासाठी आत असलेल्या आईने विचारलं, "काय लिवलं त्यानं?" मी सांगितलं. ती गालिच्यावर बसली, जशी बाजारातून ओझं घेऊन आल्यावर बसायची. बाबा शिडीवर चढून छत सोडत होते. एकेक गाठ एका बोटाने सुटत होती. पडद्याआडून भिंती पुन्हा बाहेर आल्या, आणि इतक्या वर्षांत मला त्या पहिल्यांदाच वाईट दिसल्या. मी म्हणाले, "बाबा, उद्या तालुक्याले जाऊन खरं सांगू." ते घड्या घालत म्हणाले, "लग्न होऊ दे, बाई. मंग सांगू. कागदच हाये तो. बदलवता येते."

बदलता येत होतं, तेही मी वाचलेलं होतं. कच्ची यादी ग्रामसभेत वाचणार, कोणाचा आक्षेप असेल तर तिथे उभं राहून सांगायचा. मी अर्ज लिहिला. चार ओळींसाठी तीन कागद फाडले. बाबांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला. पण ग्रामसभा ज्या दिवशी, त्याच दिवशी मुलाचे वडील लग्नाची तारीख धरायला आले. आमच्या घरी रंगकाम चालू आहे असं सांगून त्यांना गुरुजींच्या ओसरीत बसवलं होतं. चहा झाला, तारीख ठरली, आणि ते उठून म्हणाले, "चाला इवाई, मीबी येतो तुमच्या ग्रामसभेत. पाहू तं खरं, तुमच्या गावात काय चालते."

ते बाबांना अगदी खेटून बसले. मी बायकांच्या बाजूला. ग्रामसेवकांनी नावं वाचली. आमच्या गल्लीतली सगळी नावं आली, शेजारच्या म्हातारीचंही. आमचं आलं नाही. दोन-तीन जणांनी वळून बाबांकडे पाहिलं. "कोणाचा काही आक्षेप?" बाबा उभे राहिले. जन्मात ते ग्रामसभेत बोलले नव्हते. त्यांचा हात खिशाशी गेला. मला खिशाबाहेर आलेलं कागदाचं टोक दिसत होतं. 

"बोला," ग्रामसेवक म्हणाले.

"नाही, म्हटलं..." बाबांनी घसा साफ केला. "ते पाण्याच्या टाकीचं काय झालं?"

हशा पिकला. मुलाचे वडील त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा, इवाई! गावाची काळजी हाये तुमाले." बाबा खाली बसले. तो कागद पुढे धुण्यात गेला.

ताईचं लग्न झालं. पहिल्या सणाला भाऊजी आले, त्यांनी मातीच्या भिंती पाहिल्या, फुगलेल्या भिंतीला पाठ लावून जेवले आणि वाढलेली भाकर वाखाणली. चांगला माणूस. त्या रात्री आई मला म्हणाली, "याले आधीच सांगितलं असतं, त चाललं असतं का वं?"  आक्षेपाची मुदत केव्हाच संपून गेली होती. बाबा तालुक्याला तीनदा जाऊन आले. तिथे कोणी त्यांना वाईट बोललं नाही. पुढच्या पाहणीत बघू, एवढंच सांगितलं. पुढची पाहणी व्हायला इतकी वर्षं गेली की मधल्या काळात आमचं घरच राहिलं नाही. एका श्रावणात पावसाची झड लागली आणि सहाव्या दिवशी पश्चिमेची भिंत बसली. आम्ही तिघंही बाहेरच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. माझी पुस्तकं गेली. आईने भिंतीबद्दल पुन्हा कधी गंमत केली नाही.

आम्ही रिसोडला भाड्याच्या खोलीत आलो. खोली मिळायलाच महिना गेला. दहा बाय दहात तिघं, संडास चार बिऱ्हाडांत एक. आणि खिडकीतून दिसायचं काय, तर प्लॉटच प्लॉट. कालपर्यंत तुरीचं शेत होतं, त्यात पांढरे दगड रोवलेले, मध्ये मुरमाचे रस्ते, आणि दगडांच्या मधे वाढलेल्या बाभळी. त्यांचे मालक बाहेरगावी होते किंवा शहरातच स्वतःच्या घरात. कोणी पोरीच्या लग्नासाठी घेऊन ठेवला होता, कोणी सोन्यापेक्षा बरा म्हणून. तिथे घर बांधायचा विचार कोणाचाच नव्हता. नव्या प्लॉटांची विक्री सुरू झाली की मंडप बाबाच टाकायचे. एकदा मी डबा द्यायला गेले, तर दलाल त्यांना म्हणाला, "काका, दुसऱ्याच्या प्लॉटवर किती दिवस कनाती लावता? एखादा घेऊन टाका नं!" बाबा हसले. त्यांनी सोबतच्या माणसाला दोर धरायला सांगितला आणि एक प्लॉट कनातीने मोजला. "दोन कनाती लांब, दीड रुंद," ते मला म्हणाले. "लई नाही. आपल्याले पुरली असती." पुढच्या वर्षी भाव विचारला, तेव्हा तो त्यांच्या मजुरीच्या आणखी पुढे निघून गेला होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी गेली पुष्कळ वर्षं एका वाचनालयात काम करते. घरांविषयी मराठीत जे हाती लागलं ते वाचलं, पण मला जे कळलं ते बरंचसं त्या खिडकीतून. गावात जागा आहे तिथे बांधायला पैसा नाही. पैसा मंजूर होतो तेव्हा रेती मिळत नाही, किंवा मिळते त्या भावात घर जोत्यावरच थांबतं. शहरात काम आहे तिथे जागा रिकामी पडून आहे आणि माणसं एकमेकांच्या अंगावर झोपतात. घर ही राहायची वस्तू न राहता साठवायची वस्तू झाली की हे होणारच. मला वाटतं, दगड रोवून वर्षानुवर्षं पडीक ठेवलेल्या प्लॉटवर कर चढत जावा. प्रत्येक नव्या वसाहतीत थोडी जागा लहान घरांसाठी आधीच राखून ठेवावी. तालुक्याच्या गावात नगरपालिकेने स्वतः भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, कारण मंडप टाकणारा माणूस, हॉटेलात भांडी घासणारी बाई, यांना मालकीच्या आधी दाराला कडी असलेली खोली हवी असते. हे मी एकदा वाचनालयात बोलले, तर रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मॅडम, तुमचं म्हणणं पटते. पण माह्या प्लॉटले टॅक्स कायले?" त्यांचे तीन आहेत. त्यांच्या मुलाला पुण्यात घर परवडत नाही, म्हणून तेही चिंतेत असतात.

आणि एक गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. गरिबी चारचौघांसमोर विचारू नये. नोंद घ्यायला येणाऱ्या माणसाने दाराशी न बसता घरात शिरावं, भिंतीला हात लावून पाहावा. चुकलेलं नाव दुरुस्त करायला माणसाला भर सभेत उभं करू नये. वर्षातल्या कुठल्याही दिवशी, एका टेबलापाशी, हळू आवाजात सांगता यावं. याला फार पैसा लागत नाही. आता नियम सैल झालेत, फ्रिज असला तरी चालतो म्हणे. ऐकलं तेव्हा मी बाबांना सांगितलं. ते अंथरुणात होते. "चालते का?" ते म्हणाले. "बरं झालं. लोकायचं काम होईन."

आई आधीच गेली होती. बाबा त्याच भाड्याच्या खोलीत गेले. ताई आजारपणात येऊन राहिली होती, तेव्हा तिने एकदा विचारलं, "बाबा, सगळ्या गल्लीले घरकुल भेटलं, तुमालेच काहून नाही?" मी पाणी गाळत होते.  बाबा म्हणाले, "नंबर नाही लागला, बाई." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या दुपारची माझी उत्तरं ताईने ऐकली होती, पण नाव त्यांनीच गळलं हे तिला अजून माहीत नाही. हे छापून आलं, तर कळेल.

गावातली जागा अजून बाबांच्या नावावर आहे. दरवर्षी मी तिचा कर भरते. पूर्वेची भिंत कमरेइतकी शिल्लक आहे, बाकी माती सपाट झाली आहे. मी भाड्याच्या खोलीत राहते.